कंबर धरली, आता दाखवायचं कुणाला?

बदनापूरच्या माणसाला मोठ्या दवाखान्यात जायचं म्हटलं की दोन दिशा मोकळ्या असतात. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर जालना, पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं स्टेशन गावातच आहे. तालुक्यातल्याच वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं नूर रुग्णालय आहे. जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, आणि संभाजीनगरची घाटी तर १९५६ पासून अख्ख्या मराठवाड्याचं शेवटचं दार आहे. म्हणजे अंतराची अडचण इथे फारशी नाही. तरीही सहा-सहा महिने कंबर धरून वावरणारी माणसं गावोगाव भेटतात आणि त्यांच्या घरात खुंटीला एक पिशवी टांगलेली असते. तीत दोन-तीन ठिकाणच्या चिठ्ठ्या, गुंडाळून गुंडाळून तडे गेलेला एक्स-रे, एखादा एमआरआय, कमरेचा पट्टा आणि अर्धवट राहिलेल्या गोळ्या. दवाखाने बरेच झालेले असतात. दुखतंय कशानं, हे मात्र त्या पिशवीतल्या एकाही कागदावर नीट लिहिलेलं नसतं.

हे असं का होतं, हा या प्रस्तावनेचा विषय. कंबरदुखीचे प्रकार, व्यायाम, औषधं यांची माहिती पुढे येईलच. त्याआधी दुखऱ्या माणसाचा घरापासून डॉक्टरच्या टेबलापर्यंतचा रस्ता पाहायला हवा, कारण बहुतेकांचा घोटाळा याच रस्त्यावर होतो.

आधी दुखण्याच्या मुळाशी असलेलं काम. बदनापूर राज्यभरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे ते तुरीमुळे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र इथे आहे आणि बीडीएन-७११, बीडीएन-७१६ ही तुरीची वाणं इथलीच. नावातलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर. वाण कितीही सुधारलं तरी तुरीचं झाड कापायचं बुडापासूनच. कोयता घेऊन, कमरेत वाकून, ओळीनं. त्याआधी सोयाबीनची सोंगणी, त्याही आधी उकिडवं बसून खुरपणी, आणि दसऱ्यापासून पुढे कापसाची वेचणी. वेचणीत बाई दिवसभर खालच्या बोंडांसाठी वाकते आणि कमरेला बांधलेल्या फडक्यात वेचलेला कापूस साठत जातो, म्हणजे दिवस जसा चढतो तसं तिच्या कमरेवरचं ओझंही वाढतं. मोसंबीच्या बागेत क्रेट उचलणारे गडी, जालन्याच्या स्टील कारखान्यांत पाळीला जाणारी पोरं, दिवसभर ट्रॅक्टरचे हादरे खाणारे चालक, सगळ्यांची कंबर एकाच जागी बोलते: शेवटच्या दोन-तीन मणक्यांपाशी.

हे फक्त बदनापूरचं गाऱ्हाणं नाही. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं भिगवण हे गाव संधिवाताच्या अभ्यासकांना जगभर माहीत आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, हाडा-सांध्याचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्यात गुडघ्याबरोबर कंबर आघाडीवर होती. जगाचा हिशेब मांडला तर २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामावरून घरी बसवणाऱ्या दुखण्यांत जगात पहिला नंबर हिचाच.

इतकं सार्वत्रिक दुखणं म्हटल्यावर त्याच्यावर घरगुती इलाज असणारच. मराठवाड्यात कमरेत चमक भरली, उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्यानं कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज. कुणी बिब्बा घालतं, कुणी तापलेल्या सळईचा डाग देतं. यातल्या पायाळूची गंमत अशी, की त्याला यश खरंच येतं. अचानक भरलेली साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत आपली आपणच ओसरते. त्या काळात ज्यानं पाय लावला त्याच्या नावावर ती जमा होते. पायाळूनं निदान कातडी तरी जाळलेली नसते. बिब्ब्याचे आणि डागाचे व्रण आयुष्यभर राहतात, आणि पुढे डॉक्टरला तपासताना ते किती वेळा, किती काळ दुखलं याची मोजदाद देतात, एवढाच त्यांचा उपयोग.

दुसरा टप्पा सुईचा. “एक इंजेक्शन मारा, उद्या वेचणीला जायचंय,” ही मागणी पेशंटकडूनच येते, आणि ती पुरवणारा कुणीतरी कोपऱ्यावर असतोच. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक चार दिवस घेतलं तर त्यात गैर काही नाही. पण महिनोन्महिने, रिकाम्या पोटी, उन्हातान्हात पाणी कमी पिऊन राबणाऱ्या माणसानं ते घेत राहणं म्हणजे कंबर वाचवायला मूत्रपिंड गहाण टाकणं. हे औषध आपल्याकडे किती सैल हातानं वापरलं गेलं याची साक्ष गिधाडं देतील, देतील म्हणजे उरलेली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांचे थवेच्या थवे संपले, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जात राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही एका वेळेपुरत्या तीन मिलिलिटरच्या कुपीतच विकायचं असं ठरलं. आणि बाजारच्या दिवशी बिननावाच्या पुडीतून मिळणारं ‘देशी’ औषध दोन दिवसांत जादू करत असेल, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. कंबर थांबते, पण वर्षभरात हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो.

तिसरा टप्पा फोटोचा, आणि आजच्या काळातला सर्वांत मोठा घोटाळा इथे आहे.

“मणक्यात गॅप आलीय,” “गादी सरकलीय,” “नस दबलीय.” ही तीन वाक्यं मराठवाड्यात इतकी रुळली आहेत की माणूस स्वतःची ओळख करून देताना ती सांगतो: मी गॅपवाला. एमआरआयच्या अहवालात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगल्याचं, झिजल्याचं लिहिलेलं असतं आणि ते वाचून धडधाकट गडी पाण्याची घागर उचलायचं सोडतो. अहवाल खोटा नसतो. प्रश्न असा आहे की ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही, त्यांचे फोटो काढले तर काय दिसेल? हे तपासून झालेलं आहे. कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करणारा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना, ऐंशीत ८४ टक्क्यांना. यातल्या कुणालाच दुखत नव्हतं. डोक्याचे केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. त्या झिजेला दुखण्याचा आरोपी ठरवायला आणखी पुरावा लागतो.

तो पुरावा मिळतो विचारपूस आणि तपासणीतून. चांगल्या डॉक्टरच्या खोलीत काय घडतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे.

“मावशी, कंबर जास्त दुखती का पाय?”

“पाय. कमरेतून निघतं ते थेट करंगळीपर्यंत जातं.”

“मुंग्या?”

“येत्यात ना. रातच्याला लईच.”

मग मावशींना उताणं झोपवून डॉक्टर त्यांचा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलतात. पाय अर्ध्यावर येतो न येतो तोच कमरेपासून पोटरीखाली वीज गेल्यासारखी कळ जाते आणि मावशी टेबलाची कड धरतात. या एका हालचालीनं नस ताणली जाते. दबलेली असेल तर ती तिथेच ओरडते. मग पायाचा अंगठा वर उचलायला सांगायचं आणि डॉक्टरांनी बोटानं तो खाली दाबून पाहायचा: जोर कमी पडला तर पाचव्या मणक्याच्या नसेवर संशय. चवड्यांवर उभं राहता येत नसेल, घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडत नसेल, तर तिच्या खालची नस. करंगळीपर्यंत जाणारी कळ सहसा याच नसेची असते. पाच-सात मिनिटांचं काम. त्याला ना विजेची गरज, ना यंत्राची. एवढं झाल्यावर एमआरआय काढला, तर फोटोतली गादी आणि पायातली कळ जुळते का ते पाहता येतं. आधीच काढला, तर फोटो जे दाखवील त्यालाच दुखणं चिकटवलं जातं.

ज्या डॉक्टरनं अंगाला हात न लावता फोटो लिहून दिला, त्याला “तपासून घ्या ना जरा” म्हणायला पेशंटनं लाजू नये. आपल्याकडे उलटं आहे. हातानं तपासणारा डॉक्टर साधा वाटतो आणि मशीन सांगणारा मोठा.

ही विचारपूस इतकी महत्त्वाची का, तर कंबरदुखीच्या मोठ्या गर्दीत थोडी माणसं अशी असतात की त्यांचं दुखणं कमरेपुरतं नसतं. शंभरात ती मोजकीच, पण त्यांना वेळेत वेगळं काढलं नाही तर नुकसान भरून येत नाही.

आपल्या भागात या यादीत पहिलं नाव क्षयाचं घ्यावं लागतं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि हाडांत क्षय शिरला की साधारण निम्म्या वेळा तो पाठीचा कणाच गाठतो. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही पॉटचा आजार म्हणतात. खोकला असेलच असं नाही. कंबर किंवा पाठ दुखते, आणि आडवं पडल्यावरही थांबत नाही. रात्री जाग येते, संध्याकाळी कणकण असते, जेवण तुटतं, वजन उतरतं. सुरुवातीच्या महिन्यांत साध्या एक्स-रेत काही दिसतही नाही, कारण हाड बरंचसं पोखरलं गेल्याशिवाय ते फोटोत उमटत नाही. इथे एमआरआय लवकर काढायला हवा, आणि नेमका इथेच तो उशिरा निघतो, कारण तोवर माणूस ‘गॅप’चे पट्टे बांधत बसलेला असतो. निदान झालं तर क्षयाची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. पोषणासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. औषध वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावं लागतं, पण वेळेत सुरू झालं तर बहुतेक माणसं पाय न गमावता बरी होतात.

दुसरी गोष्ट तासांच्या हिशेबाची. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पायांतला जोर जायला लागला, तर कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी उद्याची बस पकडायची नसते. रात्र असली तरी गाडी करून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायचं. दोन दिवस थांबलं तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे लाजेपायी न सांगणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं फार आहेत, म्हणून घरच्यांनीच विचारलेलं बरं.

तिसरा गट तरुण पोरांचा. पंचविशीतला मुलगा सकाळी उठताना लाकडासारखा ताठ असतो, तासभर हिंडल्यावर मोकळा होतो, आणि सुट्टीच्या दिवशी झोपून राहिला की जास्त दुखतं. घरचे म्हणतात, आळशी आहे. साध्या कंबरदुखीचं गणित याच्या उलट असतं: कामानं वाढते, विश्रांतीनं उतरते. हालचालीनं बरं वाटणारं आणि तीन महिन्यांहून जास्त चाललेलं तरुणपणातलं दुखणं कण्याच्या संधिवाताचं असू शकतं. त्याच्या निदानाला अनेकदा वर्षांमागून वर्षं जातात, आणि तोवर कणा वाकून आखडतो. त्याला हाडाच्या शल्यचिकित्सकापेक्षा संधिवाततज्ज्ञाची गरज असते, हे त्याला कुणी सांगतच नाही.

याशिवाय मुतखड्याची कळ कमरेची समजली जाते, पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाचा ठिसूळ मणका चेपलेला असतो, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी कंबरदुखी वेगळ्या नजरेनं पाहावी लागते. पण सगळ्यांत वेगळा आणि कटू विषय बायकांचा आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यातल्या अनेकजणी डॉक्टरकडे गेल्या होत्या त्या ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं आणि कंबर भरून येते, एवढ्या तक्रारी घेऊन. डोक्यावर उसाची मोळी, पहाटेपासून वाकून तोडणी, पालावर ना न्हाणीघर ना पाळीच्या दिवसांची सुट्टी. या कामाचा कमरेवर काय परिणाम होतो हे न विचारता ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. पिशवी गेली. कंबर तशीच राहिली. उलट ज्यांचे अंडाशयही काढले गेले, त्यांची हाडं तिशी-पस्तिशीतच कमजोर व्हायला लागली. पुढे बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतूनही टोळ्या ऊसतोडीला जातात, तेव्हा हा शेजारच्या जिल्ह्याचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. कंबर दुखते म्हणून कुणी गर्भाशय काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नये.

हे सगळं वगळल्यावर उरते ती साधी पण चिवट कंबरदुखी, आणि गर्दी हिचीच. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा दुखण्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, आजाराची नीट समज देणं, मानसिक आधाराचे उपचार, मालिश, गरजेपुरती साधी वेदनाशामकं यांना जागा आहे. पट्टे, वजन लावून कंबर ताणणं आणि अफूजन्य वेदनाशामकं यांची नेहमीसाठी शिफारस नाही. म्हणजे बदनापूरच्या त्या पिशवीतला पट्टा बाद. फळीवर सक्तीनं झोपवून ठेवणं तर केव्हाच बाद झालंय: १९८६ मध्येच अमेरिकेतल्या एका प्रयोगात सात दिवस झोपलेल्यांपेक्षा दोन दिवस झोपलेले लवकर कामावर गेले आणि दुखण्यात दोघांत फरक नव्हता.

व्यायामाचं नाव काढलं की शेतकरी हसतो. दिवसभर राबतो ते काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे. राबण्यात एकच वाक, एकच पीळ हजारदा होतो. ठरावीक स्नायू पिचतात आणि पोटाचे, पुठ्ठ्याचे स्नायू आळशी राहतात. ते जागे करायला शिकवणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५०च्या दशकात सुरू झाली, पोलिओच्या साथीनंतर. इतक्या वर्षांनंतरही गावाकडे हा उपचार ‘शेकायला जाणं’ किंवा ‘करंट घेणं’ एवढाच पोचला आहे. शेकानं तासभर बरं वाटतं. चार व्यायाम शिकून घरी करणं कंटाळवाणं असतं आणि त्याचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून ते मागं पडतं.

आणि ऑपरेशन? त्याची भीतीही अवाजवी आहे आणि घाईही. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी महाराष्ट्रात नावाजलेले डॉ. प्रेमानंद रामाणी मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सायन रुग्णालयात त्यांनी काम केलं, ‘ताठ कणा’ हे आत्मचरित्र लिहिलं, आणि उतारवयातही ते मॅरेथॉन धावत राहिले. मणक्याला हात लावला की माणूस अधू होतो, हा समज अशा शल्यचिकित्सकांनी पुसत आणला. पण कधी करायचं, हा प्रश्न उरतोच. नेदरलँड्समध्ये नस दबून पाय दुखणाऱ्या २८३ लोकांचे दोन गट केले गेले. एकाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला थांबवून औषध-व्यायामावर ठेवलं. २००७ मध्ये निकाल आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन करावंच लागलं. बाकीच्यांना लागलं नाही. पायातला जोर जात नसेल तर थांबायला जागा आहे, एवढं यातून पेशंटला कळायला हवं. फक्त कंबर दुखते, पायात काही नाही, अशा माणसाला ऑपरेशनचा फायदा होईलच याची खात्री तर आणखी कमी.

राहिला खर्च. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणजे सुरुवात ग्रामीण रुग्णालयात केली तरी चालते: तिथे तपासून घ्यायचं, वजनाची आणि तापाची नोंद करून घ्यायची, क्षयाची शंका असेल तर तिथूनच पुढची तपासणी सुरू होते. गरज वाटली तर चिठ्ठी घेऊन जालना किंवा घाटी. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारायचं; नंतर विचारून उपयोग होत नाही.

जाताना ती खुंटीवरची पिशवी न्यावी, पण टेबलावर आधी तिच्यातला फोटो ठेवू नये. कधीपासून दुखतं, रात्री झोपेतून उठवतं का, पायात जातं का, कोणतं काम केल्यावर वाढतं, कोणकोणत्या गोळ्या आणि सुया झाल्या, हे आधी सांगावं. पुढची तारीखही नीट ठरवून घ्यावी. “दीड महिन्यानं दाखवा” असं डॉक्टर दसऱ्याला म्हणाले तर ती तारीख ऐन वेचणीत येते आणि पेशंट उगवतो तो थेट संक्रांतीनंतर, तोवर गोळ्या परस्पर मेडिकलवरून चालू. व्यायाम सांगणाऱ्यानं वेचणी किती दिवस राहिली हे विचारावं, वेचणारीनंही ते आपणहून सांगावं, आणि त्या दिवसांत फडकं अर्धं भरलं की रिकामं करायचं का, मधे किती वेळा ताठ उभं राहायचं, हे दोघांनी तिथेच बोलून घ्यावं.